बॉक्स बदलला आणि स्टिअरिंगचा मध्य हरवला

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९८ ची जिप्सी किंग, पॉवर स्टिअरिंग नाही. जुना स्टिअरिंग बॉक्स गळायला लागला म्हणून बाजारातून रिकंडिशन केलेला बॉक्स आणून बसवला. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग डावीकडे जवळपास अर्धा फेरा फिरलेलं, म्हणजे उलटंच. मेकॅनिकने स्टिअरिंग उपसून सरळ बसवून दिलं. दिसायला ठीक झालं, पण सरळ रस्त्यावर मधोमध ढिलं लागायला लागलं. मग बॉक्सवरचा, प्ले (ढिलेपणा) कमी-जास्त करायचा स्क्रू आवळला. आता सरळ जाताना प्ले नाही, पण उजवीकडे साधारण अर्धा फेरा फिरवलं की हाताला जड लागतं आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. फुल लॉकपर्यंत, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की, डावीकडे दीड फेरे, उजवीकडे पावणेदोन. बॉक्स खराब निघाला का, परत करावा का?

बॉक्स खराब असेलच असं नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तो चुकीच्या जागी काम करतोय असं वाटतं. स्टिअरिंग सरळ दिसणं आणि बॉक्स त्याच्या मध्यावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीत पहिली जमवून दिली आणि दुसरी तशीच राहिली. मात्र पुढचं बरंचसं तीन गोष्टींवर अवलंबून आहे: बॉक्सच्या खालच्या शाफ्टचे दाते कसे आहेत, बॉक्स आतून नीट जोडलाय का, आणि गाडी लिफ्ट केलेली, म्हणजे मूळपेक्षा उंच करून घेतलेली, आहे का. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही शक्यता घेतो.

आधी एक सूचना. स्टिअरिंग वळणात अडकत असेल तर गाडी हायवेला किंवा घाटात काढू नका. सरळ रस्त्यावरचा थोडा प्ले माणूस सांभाळून घेतो. वळणातून परत न येणारं स्टिअरिंग सांभाळता येत नाही.

मध्य म्हणजे नेमकं काय

जिप्सीचा बॉक्स रिसर्क्युलेटिंग बॉल जातीचा आहे. स्टिअरिंगचा शाफ्ट बॉक्समधल्या वर्मला, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्याला, फिरवतो. वर्मवर एक जाड नट पुढे-मागे सरकतो आणि दोघांच्या मध्ये छर्‍यांची रांग फिरत असते. नटाच्या बाहेरच्या अंगाला दाते असतात, ते सेक्टर शाफ्टच्या दात्यांत बसतात. सेक्टर शाफ्ट खाली बाहेर येतो आणि त्यावर पिटमन आर्म बसतो, ज्याला आपल्याकडे बरेच मेकॅनिक ड्रॉप आर्म म्हणतात. पिटमनपासून ड्रॅग लिंक नावाचा रॉड चाकाच्या नकलकडे (चाक ज्याच्यासोबत वळतं तो भाग) जातो, आणि दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड वेगळा असतो.

या रचनेतली खुबी सेक्टरच्या मधल्या दातात आहे. तो मुद्दाम अंमळ घट्ट बसेल असा केलेला असतो. मध्यावर प्ले जवळजवळ शून्य आणि दोन्ही बाजूंना जाल तसा तो वाढत जातो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीजही मध्यावरच जास्त होते. बाजूचे दात पहिल्यापासून थोडे सैल ठेवले की पुढे कधी मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला तरी वळणात काही अडकत नाही. म्हणजे फुल लॉकजवळ बॉक्समध्ये थोडा प्ले असणं हा दोष नाही. तो तसाच ठेवलेला आहे.

आता तुमची लक्षणं याच्या शेजारी ठेवा. सरळ जाताना बॉक्स मध्यावर नव्हता, सैल भागात होता, म्हणून ढिलं लागलं. मेकॅनिकने त्याच सैल भागात स्क्रू आवळून प्ले घालवला. आता उजवीकडे फिरवताना नट जेव्हा खऱ्या मध्यावरून जातो तेव्हा तिथला घट्ट दात अडतो. जड लागण्याची जागा अर्ध्या फेऱ्यावर आहे, तर बॉक्सचा खरा मध्य तुमच्या सरळपासून उजवीकडे अर्धा फेरा आहे.

फेऱ्यांचा हिशेबही याच्याशी जुळतो. गाडीवर मोजलेले फेरे बहुधा बॉक्सचे नसतात. ते नकलवरच्या, चाकाचं वळणं थांबवणाऱ्या स्टॉप बोल्टपर्यंतचे असतात, आणि ते दोन्हीकडे सारखे यायला हवेत. तुमचे उजवीकडे पावणेदोन आलेत, म्हणजे तिकडे चाक स्टॉपला टेकतंय असं धरू. डावीकडे दीडवरच थांबतंय. तिकडे चाक अजून स्टॉपला पोचलेलं नाही आणि बॉक्सच आतून संपतोय. समजा बॉक्स मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन फेरे जातो. मध्य अर्धा फेरा उजवीकडे सरकलेला असेल तर डावीकडे उरतात बरोबर दीड.

डावीकडे फुल लॉक मारणं म्हणूनच आता बंद करा. चाक स्टॉपला टेकतं तेव्हा धक्का ॲक्सल घेतो. बॉक्स आतून संपतो तेव्हा तोच धक्का नट, छर्‍यांचे मार्ग आणि वर्म घेतात. पार्किंगमध्ये चारदा जोरात लॉक मारलं की छर्‍यांना वळवून परत आणणारे पत्र्याचे मार्ग चेपायला वेळ लागत नाही, आणि मग चांगला बॉक्स खरोखरच खराब होतो.

वाकडं स्टिअरिंग हा पुरावा नव्हे

स्टिअरिंग उलटं होतं, ते सरळ केलं, म्हणजे अर्धं काम झालं असं वाटतं. पण स्टिअरिंग आणि बॉक्स यांच्यामध्ये निदान दोन जागा अशा असतात जिथे दात्यांवरून जोडणी होते: वर स्टिअरिंगच्या खाली, आणि खाली बॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या कपलिंगला. नवा बॉक्स बसवताना कपलिंग चार दात इकडे-तिकडे बसलं तरी स्टिअरिंग वाकडं दिसेल, बॉक्स मात्र मध्यावरच असेल. उलट बॉक्स मध्य सोडून असेल आणि कपलिंगही तेवढंच चुकलं असेल, तर स्टिअरिंग अगदी सरळ दिसेल. भरवसा ठेवायचा तो जड लागण्याच्या जागेवर आणि फेऱ्यांच्या मोजणीवर.

चूक कुठे झाली असावी याचा अंदाज मात्र अंशांच्या हिशेबाने बांधता येतो. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बॉक्सचे दाते तुम्हीच मोजा. समजा बॉक्सचं प्रमाण १६ ला १ आहे, म्हणजे स्टिअरिंग १६ अंश फिरलं की पिटमन १ अंश. सेक्टर शाफ्टवर ३२ दाते असतील तर एक दात म्हणजे सव्वाअकरा अंश. पिटमन एक दात चुकला तर स्टिअरिंगवर त्याचा परिणाम सव्वाअकरा गुणिले १६, म्हणजे १८० अंश. बरोबर अर्धा फेरा!

ड्रॅग लिंकची चूक एवढी मोठी नसते. पिटमनची लांबी १५ सेंटीमीटर धरली आणि ड्रॅग लिंकला दोन्ही टोकांना उलट-सुलट दीड मिलिमीटरचे आटे असतील, तर लिंक एक पूर्ण फेरा फिरवल्यावर लांबी ३ मिलिमीटरने बदलते. स्टिअरिंगवर ते साधारण १८ अंश येतात. पाव फेऱ्याच्या चुकीला पाचेक फेरे लागतात. अर्ध्या फेऱ्याची चूक लिंकवर काढायची तर जवळपास ३ सेंटीमीटर हवेत, आणि तेवढं खेचलं तर टोकाला पकडायला आटेच उरणार नाहीत. स्टिअरिंगच्या खालचा एक दात तर दहाएक अंशांचाच असतो.

म्हणून ढोबळ नियम असा: चूक १५-२० अंशांची असेल तर ती वरच्या जोडणीची किंवा ड्रॅग लिंकच्या बारीक लांबीची. पाव फेऱ्यापर्यंत असेल तर ड्रॅग लिंक, नाहीतर लिफ्ट किट. अर्धा फेरा किंवा त्याच्या पटीत असेल तर आधी पिटमनकडे संशयाने बघायचं.

खरा मध्य शोधणं

पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली घोडे (स्टँड) लावा, मागच्या चाकांना अडसर द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका.

पिटमनच्या टोकाचा ड्रॅग लिंकचा बॉल जॉइंट सोडवायचा. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट दोन-तीन आटे सैल करून तिथेच राहू द्या आणि पुलर लावा. पुलर नसेल तर पिटमनच्या डोळ्याच्या दोन्ही अंगांना दोन हातोड्या एकाच वेळी मारल्या की टेपर सुटतो. नटावर खालून ठोकू नका, आटे बसतात. पिटमनवर बॉक्सच्या दिशेने तर मुळीच नको. तो फटका सेक्टरमधून थेट छर्‍यांवर जातो आणि वर्मवर बारीक खड्डे पडतात. ते नंतर फिरवताना कणकण असे हाताला लागतात, आणि त्यावर इलाज नाही.

लिंक सुटली की आपण लगेच फेरे मोजायला लागतो, पण आधी पिटमन वाटेत चॅसिसला किंवा पाट्याला (लीफ स्प्रिंगला) अडत नाही ना ते पाहा. अडत असेल तर मोजणी फसते. तुम्ही बॉक्स नाही, पिटमनला मिळालेली मोकळी जागा मोजत असता. शंका असेल तर पिटमनच काढून घ्या, पुढे तो काढायचाच आहे. काढण्याआधी शाफ्ट आणि पिटमन या दोघांवर मिळून पंचने एक खूण करा. पिटमनसाठी पिटमन पुलरच वापरा, कारण इथला नट भरपूर ताकदीने आवळलेला असतो आणि दातेही टेपरमध्ये बसलेले असतात.

आता स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेप लावा. हळूहळू डावीकडे शेवटपर्यंत न्या, टेकल्याचं जाणवलं की थांबा. जोर लावायचा नाही, या बॉक्सला टोकाला आपटणं सोसत नाही. तिथून उजव्या टोकापर्यंत फेरे मोजा, अर्धे करा आणि तेवढे परत या. एकूण चार आले तर दोन, पावणेचार आले तर एक पूर्णांक सात अष्टमांश. हा झाला मोजणीचा मध्य. (एअरबॅग असलेल्या कुठल्याही गाडीत हा प्रकार असा सरसकट करू नका, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग तुटते. तुमच्या गाडीत तो प्रश्न नाही.)

मग मोजणीच्या मध्याजवळ स्टिअरिंग एका बोटाने पाव-पाव फेरा इकडे-तिकडे फिरवा. आधी स्क्रूचा लॉकनट सोडून स्क्रू अर्धा-पाऊण फेरा उलटा फिरवा आणि परत हलकेच टेकवा, नाहीतर सध्याच्या आवळलेल्या अवस्थेत सगळंच जड लागेल. एका ठिकाणी हाताला किंचित भार वाढल्यासारखा वाटेल आणि पुढे गेलं की सुटेल. हा हाताला लागणारा मध्य. चांगल्या बॉक्समध्ये हे दोन मध्य एकाच जागी येतात, थोडाफार फरक चालतो.

दोघांत पाव फेऱ्याहून जास्त अंतर पडत असेल तर बॉक्स जोडतानाच सेक्टर नटात एक दात पुढे-मागे बसलेला असू शकतो. रिकंडिशन कामात ही चूक होते, कारण झाकण लावल्यावर आतलं काही दिसत नाही आणि टेबलावर बॉक्स फिरतोही छान. अशा बॉक्सला बाहेरून कितीही जुळवा, तो जुळणार नाही. उघडायचा किंवा परत द्यायचा.

दोन्ही मध्य जुळले तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर आणि घरावर पांढऱ्या रंगाने एकच रेघ मारून ठेवा. यापुढे स्टिअरिंगकडे बघूच नका. ती रेघ जुळली म्हणजे बॉक्स मध्यावर.

पिटमन

शाफ्टचे दाते नीट पुसून पाहा. काही शाफ्टवर मध्येच एखादा रुंद दात किंवा रिकामी जागा ठेवलेली असते. तशी असेल तर पिटमन ठरावीक जागीच बसतो आणि एक दाताची चूक होऊच शकत नाही. माझा अंदाज तिथेच चुकतो, मग खालच्या दुसऱ्या शक्यता पाहायच्या. दाते सलग असतील तर पिटमन कुठेही बसवता येतो, आणि नव्या बॉक्सवर जुनी खूण नसल्याने नजरेने बसवताना एक दात सहज हुकतो.

बॉक्स रेघेवर ठेवा. पुढची चाकं सरळ करा. चाकं सरळ आहेत हे ठरवायला गाडी सपाट जमिनीवर हवी आणि चार-पाच मीटर पुढे ढकलून थांबवलेली हवी, म्हणजे टायरमधला पीळ निघतो. म्हणून हे काम घोडे काढल्यावर करायचं. मागच्या टायरच्या बाहेरच्या अंगाला, मध्याच्या उंचीवर दोरा टेकवून पुढच्या टायरपर्यंत ताणा. पुढचा आणि मागचा ट्रॅक अगदी सारखा नसतो, म्हणून दोरा पुढच्या टायरला टेकतो की नाही हे बघू नका. दोरा आणि टायरची पुढची कडा, दोरा आणि टायरची मागची कडा, ही अंतरं डाव्या आणि उजव्या चाकाला सारखी आली म्हणजे चाकं सरळ.

आता ड्रॅग लिंकची लांबी आहे तशीच ठेवून पिटमन असा बसवा की लिंकचा बॉल त्याच्या भोकात जास्तीत जास्त जवळ येईल. एक दात डावीकडे की उजवीकडे हे डोक्यात धरायची गरजच राहत नाही, जो दात जवळचा तो खरा. पिटमन तेव्हा साधारण गाडीच्या लांबीच्या दिशेत दिसायला हवा, म्हणजे तो दोन्हीकडे सारखा झुलू शकतो. तो एका बाजूला ठळक कलला असेल तर लिंकची लांबी आधीच कुणीतरी बिघडवून ठेवलेली आहे. जुन्या गाड्यांत हे वरचेवर दिसतं. स्टिअरिंग सरळ करायला आधीच्या मालकांपैकी कुणी ना कुणी लिंक फिरवलेली असतेच.

वॉशर टाकून नट आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या आणि टॉर्क पाना वापरा. हा नट अंदाजाने आवळायचा नाही.

ड्रॅग लिंक, टो आणि मग स्टिअरिंग

ड्रॅग लिंकला हात लावण्याआधी टो बघा. टो म्हणजे पुढची दोन्ही चाकं समोरच्या अंगाला एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते. ते टाय रॉडचं काम, आणि टाय रॉडची लांबी बदलली की चाकांची सरळ रेषा हलते. ॲक्सलच्या उंचीवर टायरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचं अंतर मोजा. पुढे ४ मिलिमीटरच्या आसपास कमी असेल तर ठीक समजा, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. मग पुन्हा दोरा लावून चाकं सरळ करा.

बॉक्स रेघेवर, चाकं सरळ, आणि बॉल भोकासमोर थोडा हुकतोय. हुकतोय तेवढीच लिंक लांब किंवा आखूड करायची. बॉल कशालाही न खेचता सरळ आत गेला पाहिजे. दोन्ही टोकांत शिरलेले आटे साधारण सारखे ठेवा. लॉकनट आवळताना एक गोष्ट हमखास चुकते: टोकाचा बॉल जॉइंट नटासोबत वळतो आणि दोन्ही टोकं एकमेकांशी पिळलेल्या अवस्थेत पक्की होतात. मग लॉकजवळ जॉइंट अडतो आणि दोष पुन्हा बॉक्सवर येतो. आवळून झाल्यावर लिंक हाताने तिच्याच अंगाभोवती थोडी पुढे-मागे डोलली पाहिजे. स्प्लिट पिन नवी घाला.

आता, आणि आताच, स्टिअरिंग काढून सरळ बसवा. मेकॅनिकने हे सगळ्यात आधी केलं होतं, तिथेच गाडं अडलं. इंडिकेटर परत पाडणारा कॅम कुठे बसलाय ते तेवढ्यात बघून घ्या, दोन्हीकडे इंडिकेटर सारखा पडायला हवा. खालच्या कपलिंगचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून गेलाय का हेही पाहा. खाच सोडून बोल्ट आवळला की कपलिंग पकडल्यासारखं वाटतं पण शाफ्टवरून वर सरकू शकतं. कपलिंगमध्ये रबर असेल तर त्याला चिरा आहेत का पाहा, कारण फाटलेलं रबरही हुबेहूब बॉक्सच्या प्लेसारखं वाटतं.

इथवर क्रम असा झाला: बॉक्सचा मध्य, मग पिटमन, मग टो, मग ड्रॅग लिंक, शेवटी स्टिअरिंग. खालून वर. उलटं गेलात की प्रत्येक पायरी आधीची चूक झाकत जाते.

स्क्रू

स्क्रू फक्त बॉक्स मध्यावर असतानाच लावायचा, हे आता वेगळं सांगायला नको. पिटमनवरची लिंक यासाठी पुन्हा एकदा सुटी करा, चाकांचं वजन हाताला फसवतं. लॉकनट सैल करा, स्क्रू थोडा मागे घ्या. एक हात पिटमनच्या टोकावर ठेवून तो हलकेच पुढे-मागे करा आणि दुसऱ्या हाताने स्क्रू अगदी थोडा-थोडा आत न्या. पिटमनचा टकटक प्ले गेला की थांबा. त्यापुढचा पाव फेराही नको. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसने धरून ठेवा, नाहीतर नट त्याला सोबत फिरवतो आणि सगळी मेहनत वाया.

मग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर किंचित भार, बाकी मोकळं. नेमकं हवं असेल तर स्टिअरिंगच्या कडेला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून वजन वाचा. मध्यावरचं वजन बाजूच्यापेक्षा थोडंसंच जास्त हवं. मध्यावर सगळा प्ले काढल्यावर टोकाला जड होत असेल तर आतली झीज वेडीवाकडी आहे, आणि स्क्रू हा त्यावरचा उपाय नव्हे.

बॉक्समधलं तेल याच वेळी बघा. गळती थांबावी म्हणून बॉक्समध्ये नुसतं ग्रीस भरून देण्याची पद्धत आहे. छर्‍यांनी ते एकदा बाजूला सारलं की परत त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ९० नंबरचं गिअर ऑइल भरा. तेल सीलमधून येत असेल तर सील बदला.

लिंक जोडून चाकं पुन्हा उचला. एकाने स्टिअरिंग लॉकपर्यंत न्यावं, दुसऱ्याने खाली नकलच्या स्टॉप बोल्टकडे बघावं. दोन्ही बाजूंना बोल्ट ॲक्सलला टेकला पाहिजे आणि बॉक्समध्ये अजून पावएक फेरा शिल्लक राहिला पाहिजे. मोठे टायर असतील तर ते पाट्याला घासतात का हेही इथेच कळतं.

अंदाज चुकला तर

पिटमन चुकूच शकत नव्हता आणि बॉक्सचे दोन्ही मध्यही जुळतात, तरीही बॉल भोकापासून दूर राहतोय, असं झालं तर लिंक आणि ॲक्सलकडे वळा. ड्रॅग लिंक वाकली आहे का हे तिला सरळ पट्टी लावून पाहा. खड्ड्यातून आपटलेल्या गाड्यांत ती धनुष्यासारखी झालेली असते आणि रंगामुळे दिसत नाही.

मग पाटे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की त्या बाजूला ॲक्सल पाट्यावरून मागे किंवा पुढे सरकतो. यू-बोल्ट घट्ट दिसतात म्हणून कुणाला संशय येत नाही. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर मोजा. सेंटिमीटरभर फरक निघाला तर स्टिअरिंगचं सगळं काम थांबवून आधी तो दुरुस्त करा.

गाडी लिफ्ट केलेली असेल तर गणित वेगळं होतं. ड्रॅग लिंक तिरकी असते. बॉडी वर गेली की ती आणखी तिरकी होते आणि तिची आडवी लांबी कमी भरते. समजा लिंक ८० सेंटीमीटरची आहे आणि दोन टोकांच्या उंचीत १० सेंटीमीटरचा फरक होता. ५ सेंटीमीटरच्या लिफ्टनंतर तो १५ झाला. आडवी लांबी सुमारे ८ मिलिमीटरने कमी भरते, आणि वरच्या हिशेबाने स्टिअरिंग जवळपास ५० अंश फिरतं. ही चूक ड्रॅग लिंकवरच काढायची, स्टिअरिंगवर किंवा पिटमनवर नाही. तिरकस लिंकमुळे खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलणार, तो त्रास लांबीने जात नाही.

आणखी एक घोळ टाळा. स्टिअरिंग वाकडं असणं वेगळं आणि गाडी एका बाजूला ओढणं वेगळं. स्टिअरिंग वाकडं धरूनही गाडी सरळ जात असेल तर हा मध्याचा प्रश्न. सैल धरल्यावर ती एका बाजूला जात असेल तर हवा, अडकलेला ब्रेक किंवा टायर. पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून ओढ बाजू बदलते का ते बघितलं की निम्मा निकाल लागतो.

प्ले तरीही उरलाच तर एकाने स्टिअरिंग बोटभर हलवावं आणि दुसऱ्याने खाली एकेका जोडावर बोट ठेवत जावं. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा थांबलेला असतो, तिथे प्ले. बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट आणि त्या भोवतालचा पत्रा आवर्जून पाहा. तिथे चीर असेल तर बॉक्स सबंध डोलतो आणि ते बघणाऱ्याला बॉक्समधलाच प्ले वाटतो.

शेजारच्या कुणाकडे पद्मिनी किंवा अँबॅसिडर असेल आणि हेच तिथे करायचं असेल, तर थोडा फरक आहे. पद्मिनीला बॉक्स आहे, पण चाकांकडे जाणारे दोन बाजूचे रॉड वेगळे आहेत. मध्य जुळवायला एक जितका आखूड कराल तितकाच दुसरा लांब करावा लागतो, नाहीतर टो बिघडतो. अँबॅसिडरला रॅक अँड पिनियन आहे. पिटमनच नाही, म्हणून मध्य रॅकवर शोधायचा.

आता परत करण्याचं. बॉक्स परत न्यायचा ठरलाच तर गाडीवरची लक्षणं सांगू नका, दुकानदार जोडणीवर बोट ठेवेल आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असेल. बॉक्स काढून त्याच्याच टेबलावर इनपुट शाफ्टवर टेपचा झेंडा लावा, टोकापासून टोकापर्यंत फेरे मोजून अर्ध्यावर या आणि घट्ट जागा तिथे लागते का हे त्याच्या हाताने बघायला लावा. जुना बॉक्स जवळ असेल तर तोही न्या आणि शेजारी ठेवून एकूण फेरे, इनपुटचे दाते आणि सेक्टरचे दाते मोजा. यात फरक निघाला तर बॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे किंवा चुकीचा जोडलाय. काहीच फरक निघाला नाही तर तोच बॉक्स घेऊन घरी या आणि पिटमनपासून सुरू करा.